घोडीकडं कोण बघत होतं?

आमच्या मेहुण्यांइतका कशावरच विश्वास न ठेवणारा, आणि तरीही कोणावरच संशय न घेणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही. हे मी अधिकारानं सांगतो, कारण त्यांच्या कित्येक महिन्यांच्या कामावर मी कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि तरीही त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. मेहुणे म्हणजे आमच्या हिचे मावसभाऊ. मूळचे राणीसावरगावचे, पण तेव्हा औरंगाबादला कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होते. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी ज्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून होतो तिथं नुकताच कॉम्प्युटर आला होता, आणि कोणाच्या उसाला कधी तोड द्यायची हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहायचं काम फिरत फिरत नेमकं मेहुण्यांच्या गळ्यात पडलं होतं. साहजिकच मुक्काम कारखान्याच्या कॉलनीत, आमच्या क्वार्टरमध्ये. येताना त्यांनी कागदाचा एक गठ्ठा आणला होता. दोन्ही कडांना भोकं, घडीवर घडी, उलगडायला घेतला की संपतच नाही असा. उन्हाळ्याचे दिवस. ही गव्हाचा चीक शिजवून सोऱ्या घेऊन बसलेली. मला म्हणाली, "अहो, गच्चीवर अंथरायला काहीतरी द्या लवकर, चीक गार व्हायलाय." माझी नजर त्या गठ्ठ्यावर गेली. एक टोक धरून सोडला तर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत कागद पसरला. मला वाटलं, हा शोध कुरडयांसाठीच लागलेला असणार.

संध्याकाळी मेहुणे वर आले. खाली त्यांचा छापलेला अख्खा प्रोग्रॅम, वर रांगेनं कुरडया. ते उकिडवे बसले, कडेची एक कुरडई अलगद उचलली, तिच्याखालची ओळ वाचली आणि म्हणाले, "दाजी, ही ओळ वाचता येती. तिकडच्या वाळल्यावर बघू." बस्स. जशा कुरडया सुटत गेल्या तसतसा त्यांनी आपला प्रोग्रॅम वाचून काढला. कागदावर चिकाची गोल गोल चक्रं राहिली ती राहिलीच. शाई थोडी कुरडयांनाही लागली होती, पण ही गोष्ट आम्ही बाहेर काढली नाही. त्या वर्षी आमच्याकडं जेवून गेलेल्या पाहुण्यांनी मेहुण्यांचा प्रोग्रॅम तळून खाल्ला आणि पचवलाही.

लिहिलेलं एक असतं आणि चाललेलं एक असतं, ही त्यांची श्रद्धा. दोन्ही जुळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. एसटीच्या पाटीवर 'परभणी' लिहिलेलं पाहून तुम्ही आम्ही चढतो. मेहुणे पाटी वाचायचे आणि मग कंडक्टरला विचारायचे, "ही परभणीला जायलीय का?" कंडक्टर साहजिकच भडकायचा. "पाटी काय शोभेला लावलीय का?" त्यावर मेहुणे अगदी शांतपणे, "पाटी बरोबरच असंल हो. ड्रायव्हरला माहिती हाय का, ते बघायलोय." आणि खरोखर पुढं जाऊन ड्रायव्हरला विचारायचे. एकदा फाट्यावर मी वैतागून म्हणालो, तुम्ही चौकशी करा, मी चढतो. त्या दिवशी मी पाथरीला पोचलो. पाटी सकाळच्या फेरीची होती आणि बदलायची राहिली होती. मेहुणे मागल्या गाडीनं परभणीला वेळेवर पोचले, माझं काम उरकून आले आणि वर मलाच म्हणाले, "कंडक्टरची चूक न्हाई दाजी. पाटी बदलायची असती हे सगळ्यांना माहिती हाय, पण बदलली का हे बघायला कोणी नेमलेलंच न्हाई."

हे नेमणं त्यांच्या डोक्यात कायम चालू असायचं. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा उकळायच्या आत त्यांनी हिला विचारलं, "ताई, या घरात बदलत राहणाऱ्या गोष्टी कोणकोणत्या?" ही म्हणाली, "तुझे दाजी सोडून सगळ्याच." त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. चुलीवरचं दूध, रांजणातलं पाणी, लोणच्याची बरणी, गॅसची टाकी, घड्याळाची किल्ली, एकेक गोष्ट आठवून आठवून कागदाच्या एका बाजूला लिहिली. मग दुसरा सबंध दिवस काही न बोलता घरात बसून कोण कशाकडं बघतं ते न्याहाळलं आणि दुसऱ्या बाजूला लिहिलं. संध्याकाळी निकाल सांगितला. दुधाकडं घरातले दोघंही बघतात, म्हणूनच ते उतू जातं. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघायलाय. ते एक असो. पण रांजणाच्या तोटीकडं एकही जण बघत नाही. मी उठून पाहिलं. तोटी कधीची ठिबकत होती कोण जाणे. खाली हिरवंगार शेवाळ जमलं होतं आणि त्यात एक बेडूक प्रपंच मांडून बसला होता. मी घराचा मालक, पण बेडकाकडं पाहताना मीच भाडेकरू असल्यासारखं वाटलं.

राणीसावरगावला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं तेव्हा तर कहरच झाला. मांडवात आचारी, बँडवाले, वऱ्हाडी सगळी धांदल, आणि मेहुणे कागद घेऊन एकेका चुलत्या-मामाला विचारत फिरतायत, "वरणाकडं तुम्ही का? जनरेटरकडं कोण? पाण्याच्या टाकीकडं?" लोक हसायला लागले. एक मामा म्हणाले, "आरं, लग्न हाय का धरण फुटायलंय?" शेवटी त्यांनी घोडी विचारली. नवरदेव मारुतीला घोडीवरून जाणार, तर घोडीकडं कोण? मामा म्हणाले, "घोडीवर नवरदेव बसलाय, अजून कोण पाहिजे?" दुपारी नवरदेव मारुतीच्या पारापाशी उतरला, देवळात गेला, सगळं वऱ्हाड त्याच्यामागं, घोडीवाला बँडसमोर नाचण्यात दंग. पाया पडून बाहेर येतात तर घोडी नाही. ती निवांत कोणाच्या तरी ज्वारीत उभी राहून कणसं खात होती. तिला आणेपर्यंत मुहूर्त हातातून गेला आणि भटजींना दुसरा शोधावा लागला. मेहुण्यांनी 'मी सांगितलं होतं' असं तोंडातून काढलं नाही. मला मात्र कागद दाखवला. म्हणाले, "हे बघा. घोडी लिहिलेली हाय. समोर नाव न्हाई. अशा जागेवरच जाऊन बसायचं असतं दाजी. जिथं नावं हायत तिथं काय होत न्हाई."

आता हेच सगळं त्यांनी कारखान्याच्या प्रोग्रॅममध्येही केलं होतं. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. प्रोग्रॅम चालू असताना मशीनच्या पोटात बारके बारके कप्पे असतात. एकात शेतकऱ्याचं नाव, एकात गाव, एकात उसाची जात, एकात लागणीची तारीख. एका शेताचा हिशेब झाला की त्याच कप्प्यांत पुढल्या शेताचं भरायचं. मेहुण्यांनी या कप्प्यांवर पहारेकरी बसवले होते, म्हणजे प्रोग्रॅममध्येच अशा ओळी घातल्या होत्या की चालता चालता कप्प्यात काय काय आलं ते प्रिंटर छापत जाईल. मी म्हणालो, "मंग आता चिंता मिटली." ते म्हणाले, "पहारे हायत तिथली मिटली."

हंगाम सुरू झाला आणि माझ्यावर ते प्रकरण कोसळलं. आमचे थोरले बंधू ताडकळसला असतात. कॅनॉलच्या पाण्यावर त्यांनी ऊस केला होता, पण लागण उशिराची. तोड लागणीच्या तारखेप्रमाणे. जुनी लागण आधी, नवी मागून. म्हणजे त्यांचा नंबर पार शेवटी. नोंदी मशीनमध्ये भरायचं काम माझं. बंधूंची नोंद आली तेव्हा मला सचोटीचा झटका आला. म्हटलं, घरचा ऊस. उद्या कोणी म्हणू नये की कारकुनानं भावाची तारीख मागं ओढली. म्हणून तारखेची जागा मी मोकळीच ठेवली. शेतकी अधिकाऱ्यांनी स्वतः शेत पाहून भरावी. त्यांना तसं सांगितलंही. ते विसरले. मग मीही विसरलो. आणि यादी छापून आली तर पहिल्या काही नावांत आमचे बंधू, आणि नावासमोर ठळक छापलेली, चांगली जुनी अशी एक तारीख. जी मी टाकली नव्हती, आणि कोणीच टाकली नव्हती.

तोडणीची टोळी बंधूंच्या बांधावर जाऊन उभी राहिली. बंधूंनी तोंड मिटून ऊस घालवला असता तर कदाचित निभावलं असतं. पण ताडकळसच्या बाजारात उभं राहून त्यांनी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितलं, "आमचा धाकटा कारखान्यात हाय. उगं न्हाई!" दोन दिवसांत तक्रार कारखान्यावर. पाथरीकडचे एक संचालक होते, आवाज मोठा, त्यांनी मीटिंगमध्ये टेबलावर यादी आपटली. मी म्हणालो, साहेब, तारीख मी मोकळी ठेवली होती. मशीन उघडून पाहिली तर नोंदीत खरंच तारीख नाही. मला हायसं वाटलं. संचालक म्हणाले, "बघा! छापलं तवा तारीख होती, आता न्हाई. म्हंजे टाकली बी ह्यानंच आन् पुसली बी ह्यानंच." मी म्हणालो, मशीनची काही चूक असू शकते. त्यावर ते जे बोलले ते आजही कानात आहे. "मशीनला भाऊ नसतो. कारकुनाला असतो."

चौकशी होईस्तोवर मला घरी बसवलं. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, हे तर होतंच. पण जिथं जाईन तिथं माझ्या आधी ही गोष्ट जाऊन बसलेली असणार, याची मला जास्त धास्ती वाटायची. सगळ्यांत वाईट म्हणजे माझ्यावर कोणाचाच राग नव्हता. कॉलनीतले लोक समजुतीनं हसायचे. बंधू भेटायला आले तेव्हा मी कळवळून सांगितलं, "दादा, शप्पत, मी कायबी केलेलं न्हाई." त्यांनी दाराकडं पाहिलं, आवाज खाली आणला आणि डोळा मिचकावत म्हणाले, "आरं, मला बी सांगतूस का?"

हिनं मला न विचारता मेहुण्यांना तार केली. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून आज इथं बंद, उद्या तिथं बंद असं चाललेलं. नेमक्या त्या दिवशी औरंगाबादहून एसट्या निघाल्याच नाहीत. मेहुणे कापसाच्या ट्रकवर बसून आले. केसात कापूस, मिशीत कापूस, काखेत तोच कुरडयांचा गठ्ठा. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील, धीर देतील. त्यांनी चपला काढता काढता एकच विचारलं, "दाजी, जागा मोकळी ठेवली होती का चुकीची तारीख पडली होती?"

"मोकळी ठेवली होती."

"का?"

"घरचा ऊस म्हणून."

त्यांनी चपला भिंतीशी नीट लावल्या. मग म्हणाले, "लय चांगलं केलं. मोकळी जागा मशीनला कशी वाटती, हे मी कधी बघितलंच नव्हतं."

मला राहवलं नाही. "पाव्हणं, खरं सांगा, तुम्हाला माझा संशय नाही आला?"

"विचार आला की. तुम्ही, मी आन् मशीन, तिघांचा सारखाच आला. पण तुमच्याकडं बघायला अख्खा कारखाना बसलाय. प्रोग्रॅमकडं कोणीच बघत न्हाई. मी तिकडं बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॉम्प्युटरच्या गार खोलीत बसलो. मला आत यायला मनाई होती, पण मेहुण्यांनी कार्यकारी संचालकांना सांगितलं की कागद धरायला माणूस लागतो. तेव्हा दारात कारखान्याचा खराखुरा पहारेकरी उभा करून मला आत सोडलं. आधी त्यांनी पहाऱ्यांचे छापून आलेले कागद पाहिले. सगळं बरोबर. जिथं जिथं पहारा होता तिथं कप्प्यात पडलेलं तेच यादीत गेलेलं, बंधूंच्या जुन्या तारखेसकट; ती कप्प्यात आली कुठून, तेवढंच दिसेना. माझा चेहरा उतरला, यांचा उजळला. म्हणाले, "म्हंजे चूक बाहेर हाय." मग त्यांनी कुरडयांचा गठ्ठा उलगडला. मशीन बंद. आता नुसतं वाचायचं. पहिल्या ओळीपासून, हा प्रोग्रॅम कुठल्या कुठल्या कप्प्यात काहीतरी टाकतो ते बोट ठेवून शोधायचं. ते कप्प्याचं नाव मोठ्यानं घ्यायचे, आणि मी पहाऱ्यांच्या कागदावर ते शोधून, खूण करून, हजेरीला पोरं म्हणतात तसं म्हणायचो, "हाय." नाव, "हाय." गाव, "हाय." जात, "हाय." लागणीची तारीख, "हाय." चिकाचं चक्र मध्ये आलं की ते कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे, आणि मी इकडं तिकडं बघायचो. जेवण तिथंच आलं. दारातला पहारेकरी डुलकीला आला. आणि उन्हं कलायच्या सुमाराला त्यांनी एक कप्पा उच्चारला, त्यांच्या भाषेत 'हातातली तारीख'. मी कागद वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला.

"न्हाई."

"परत बघा."

"न्हाई हो पाव्हणं."

मेहुणे उठून उभे राहिले. मी सुटलो म्हणून नव्हे, हे मी शपथेवर सांगतो. त्या क्षणी त्यांना माझी आठवणही नसावी. हरवलेलं जनावर दिसावं तसा चेहरा करून ते ओरडले, "दाजी, घोडी सापडली!" पहारेकरी दचकून जागा झाला आणि कुठली घोडी म्हणून व्हरांड्यात बघून आला.

घोडी अशी होती. नोंदीतली तारीख मशीन आधी या 'हातात' घ्यायची आणि तिथून कप्प्यात टाकायची. हा हात इतका क्षुल्लक, की त्याच्यावर पहारा कशाला, असं मेहुण्यांना वाटलं होतं. नोंदीत तारीख असली की सगळं सुरळीत. पण जागा मोकळी आली की हात रिकामा व्हायचाच नाही. मागल्या शेतकऱ्याची तारीख तशीच राहायची आणि पुढल्याच्या पानात पडायची. पंगतीत एखादा नको म्हणत असताना वाढप्यानं आधीच्याचा उरलेला डाव त्याच्या पानात ओतावा, तसं. बंधूंच्या आधीची नोंद एका जुन्या लागणीची होती. मेहुण्यांनी त्या हातावर पहारा बसवला, मशीन पुन्हा चालवली, आणि प्रिंटरनं खरखरत आमच्या डोळ्यांसमोर छापलं: मागल्याचं नाव, तारीख, बंधूंचं नाव, तीच तारीख. मी तो कागद झटक्यासरशी फाडून घेतला. मेहुणे म्हणाले, "सांभाळून. भोकं फाटतात."

मीटिंगमध्ये त्यांनी टेबलावर गठ्ठा उलगडला. अध्यक्षांनी कागदावर नखानं खरवडून विचारलं, "हे काय चिकटलंय?" मेहुणे म्हणाले, "कुरडई." कोणीतरी फसकन हसलं, आणि त्या खोलीत मी पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. मग त्यांनी मला सांगितलं तसंच, घाई न करता, सगळ्यांना सांगितलं. तेच संचालक म्हणाले, "म्हंजे कारकुनानं तारीख पुसली न्हाई म्हणता?"

"पुसायला आधी असावी लागती साहेब. यांनी मोकळी सोडली ते बरोबर केलं. चूक माझी हाय. प्रोग्रॅम मी लिहिला, पहारे मी बसवले, ही जागा मी सोडली."

"मंग आता काय मशीनला घरी बसवायचं?"

"मला बसवा," मेहुणे म्हणाले. "पण आधी अशा मोकळ्या जागा अजून कोणाकोणाच्या हायत ते काढून देतो. त्यांचे बी नंबर चुकले असतील."

मी दुसऱ्या दिवसापासून कामावर रुजू झालो. मेहुण्यांच्या 'मला बसवा' या दोन शब्दांची किंमत त्यांना मोजावी लागली. कंपनीनं पुढं त्यांच्याकडून कारखान्यांची कामं काढून घेतली. हे आम्हाला फार उशिरा आणि भलत्याच माणसाकडून कळलं. त्यांच्या पत्रात एवढंच होतं की कुरडया चांगल्या फुलतात. गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. मशीनला भाऊ नसतो हे सगळ्यांनी मान्यच केलेलं होतं. मला होता, आणि तो ट्रकवर बसून आला होता. आजही तोडीची यादी भिंतीवर लागलेली पाहिली की मी आधी तारखांवरून बोट फिरवतो.

ते निघाले त्या दुपारी आम्ही दोघं फाट्यावर पोचवायला गेलो. त्यांनी पाटी वाचली, कंडक्टरला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, आणि मग चढले. खिडकीत बसून, गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. परत येताना वाऱ्यावर मळीचा वास येत होता आणि मला तो अत्तरासारखा लागत होता. मी सबंध रस्ताभर बोलत होतो. मेहुणे मीटिंगमध्ये कसे उभे राहिले, अध्यक्षांचं तोंड कसं झालं. ही आपली पुढं चालत होती. क्वार्टरचं कुलूप काढता काढता तिनं विचारलं, "त्यानं हात हलवला तवा तुमी बघितलं का?"

"काय?"

"बाही सुटून कोपरापतुर येत होती. बटणच न्हाई. दोन्ही बाह्यांना न्हाई." तिनं कुलूप हातात तसंच धरलं. "मशीनकडं तो बघत होता. तुमच्याकडं मी बघत होते. आपल्या घराकडं सगळी कॉलनी बघत होती. चार दिवस इथंच होता की हो. सुईदोरा त्या फळीवर होता. त्याच्याकडं कोण बघत होतं?"